भट्टीपुढचा शब्द

भट्टीच्या डाव्या कोपऱ्यातली वीट बाहेरून लाल दिसू लागली होती. आतून ती नेहमीच लाल असे. वितळलेल्या काचेचे ते घरच होते. पण बाहेरचे अंग, ज्याच्या उबेला माणसे इतकी वर्षे जेवणाचे डबे ठेवत आली, ते काळसर, धुळकट आणि मुके असायला हवे. आता त्याच्यात मंद उजेड आला होता. मिटल्या पापणीआडून दिवा जाणवावा तसा.

त्याने तळहात पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

"मिस्त्री, हे कधीपासून आहे?"

"असतं साहेब तसं कधीकधी. पंखा लावलाय ना मी."

"पंख्यानं वीट जाड होत नाही."

"नाही होत," मिस्त्रीने लगेच मान्य केले. त्या माणसाची हीच गोष्ट छळणारी होती. तो सगळे मान्य करी.

कारखाना बाटल्यांचा होता. औषधांच्या, तेलाच्या, सरबतांच्या बाटल्या. पण त्या सगळ्यांच्या आधी ही एक भट्टी होती, आणि तिच्यात एका खोलीभर वितळलेली काच दिवसरात्र उकळ्या दाबून पडून होती. ती पेटल्यापासून विझली नव्हती. विझवायची म्हणजे नुसती आग बंद करून भागत नाही. मग काच आतच गोठते आणि भट्टी कायमची दगड होऊन बसते. आधी तळाचे निचऱ्याचे तोंड फोडायचे, काच पाण्याच्या चरात सोडायची, तिचा चुरा गाड्यांनी बाहेर न्यायचा, मग विटा हळूहळू निववायच्या. एक आख्खी पाळी राबली तरच ते साधते. आणि ते केले नाही, तर एक दिवस काच स्वतःच वाट काढते. कोपऱ्यातून. माणसे उभी असतात तिथून.

"काच काढायची," तो म्हणाला. "सगळी. उद्या सकाळपासून चर पाण्याने भरायला घ्या."

"हो साहेब," मिस्त्री म्हणाला.

कारखान्यात त्याला धाकटे म्हणत आणि त्याच्या वडिलांना थोरले. वडील निवृत्त झाले तरी ही नावे तशीच राहिली. त्यामुळे सगळ्यांच्या वर बसूनही तो धाकटाच होता. सकाळच्या बैठकीत त्याने सगळे नीट मांडले. वीट किती झिजली असेल, काच कुठून फुटू शकते, त्या वेळी तिथे कोणाकोणाची ड्यूटी असते. साचेखाते, गोदाम, यंत्रावरचा तो बडबड्या ज्याला सगळे रेडिओ म्हणत, सगळे माना डोलावत होते. कोणाला काही शंका? कोणालाच नव्हती. रेडिओसुद्धा बंद होता. "बरोबर आहे साहेब," गोदामवाला म्हणाला, "जिवापेक्षा काय मोठं आहे?" चहाचे कप गोळा झाले, खुर्च्या सरकल्या, आणि त्याला वाटले, झाले.

काहीच झाले नाही.

दुपारी चर कोरडाच होता. पाण्याचा पाइप दुसरीकडे लावला आहे, संध्याकाळपर्यंत येईल. पाइप आला तेव्हा गाडीचे चाक काढून ठेवले होते. चाक बसले तेव्हा पहारींना धार लावायला माणूस नव्हता. प्रत्येक कारण खरे होते, प्रत्येक जण ते सांगताना खाली बघत होता आणि शेवटी म्हणत होता, "करतो साहेब." नाही असे कोणीच म्हणत नव्हते. नाही म्हटले असते तर त्याला भांडता आले असते. पण ती हो-ची भिंत होती, कापसासारखी. तिच्यावर मूठ आपटली तर मूठच आत जाई आणि आवाज होत नसे.

फार पूर्वी, व्यवस्थापन शिकायला तो दूरच्या शहरात होता, तेव्हा त्याने एक निबंध लिहिला होता. आशियातले उद्योग कसे चालतात यावर. आपल्याकडे मालक हा बाप असतो. आज्ञा विनंतीच्या आवाजात दिली जाते. विरोध बैठकीत होत नाही, बैठकीनंतर होतो, आणि तोही न बोलता. जो सर्वांत कमी बोलतो त्याचाच शब्द सर्वांत जड असतो. प्राध्यापकांनी समासात शेरा दिला होता: सुंदर निरीक्षण. आता त्या सुंदर निरीक्षणाच्या आत तो उभा होता आणि तिथे हवा नव्हती.

थोरल्यांनी कारभार सोडला तोही भट्टीपुढच्या चौथऱ्यावरूनच. सगळ्यांना उभे करून त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझा शब्द आजपासून संपला. विचारायचं ते याला विचारा." शब्द संपला म्हणजे खरोखर संपला. त्या दिवसापासून ते फाटकाच्या आत आले नाहीत. फिरायला जातानाही लांबचा रस्ता धरीत, म्हणजे मुलाच्या कारखान्यावर बापाची सावली पडू नये. घरी दोघे समोरासमोर बसून जेवत. "अजून थोडं घे," थोरले म्हणत. "पुरे बाबा," तो म्हणे. पाण्याचा तांब्या इकडून तिकडे जाई. कारखाना हा विषय त्या टेबलावर मेलेल्या माणसासारखा होता. त्याचे नाव कोणी काढत नसे, आणि त्याची जागा कोणी घेत नसे.

पण संध्याकाळी, तो अजून ऑफिसात असताना, मिस्त्री आणि जुनी माणसे थोरल्यांकडे मागच्या अंगणात येऊन बसत. तशी ती नेहमीच येत. बाप निवृत्त झाला म्हणून त्याच्याकडे जायचे सोडायचे का?

त्या आठवड्यात काय चालले होते ते त्याला रेडिओकडून कळले, कारण रेडिओला काहीही फार वेळ पोटात ठेवता येत नसे.

"साहेब, रागवू नका," तो म्हणाला. "मिस्त्रींनी परवा थोरल्यांपुढे विषय काढला. म्हणाले, धाकटे भट्टी विझवायची म्हणतात."

"मग?"

"थोरले काही बोललेच नाहीत. म्हणाले, यंदा गुलाबाला कीड फार आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय साहेब? पटलेलं नाही त्यांना. पटलं असतं तर निदान हं तरी म्हणाले असते." रेडिओने इकडेतिकडे पाहिले. "मिस्त्री म्हणतात, थोरल्यांनी पेटवलेली भट्टी. त्यांच्या मनाविरुद्ध आपल्या हातानं कशी विझवायची?"

तो खुर्चीत बसून राहिला. खिडकीतून भट्टीचे धुराडे दिसत होते, त्याच्यावरची हवा थरथरत होती. बापाने मुलाचा अधिकार राखायला तोंड मिटले होते. माणसांनी त्या मिटल्या तोंडातून नकार ऐकला होता. आणि तो बापाकडे जाऊ शकत नव्हता. गेला, तर ज्याला सगळ्यांदेखत दिले तो ते परत करायला आला असे झाले असते, आणि म्हाताऱ्याला एकदा संपवलेला शब्द पुन्हा उकरून काढावा लागला असता. सगळे जण सगळ्यांना जपत होते. त्या जपण्याच्या मधोमध एक वीट पातळ होत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्यातला उजेड तळहाताएवढा झाला.

त्याने कोट काढून रेलिंगवर टाकला, पहार उचलली आणि निचऱ्याच्या तोंडापाशी उतरला. पहार त्याच्या कल्पनेपेक्षा जड निघाली. पहिला घाव चुकला, दुसरा विटेवर बसला, ठिणगीसारखा तुकडा उडाला. वर माणसे गोळा झाली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टा नव्हती. एखाद्याला चारचौघांत रडू कोसळावे आणि आपण नेमके तिथे असावे, तसा संकोच होता. मग मिस्त्री खाली आला आणि त्याने पहारीवरचा त्याचा हात बोट बोट करून सोडवला.

"साहेब, हे तुमचं काम नव्हे. अंगावर उडेल."

"मग कोणाचं काम आहे?"

"आमचं."

"मग करा ना."

"करतो की."

कोणी हलले नाही. भट्टी घुमत होती. मिस्त्रीने पहार भिंतीला टेकवली, अगदी काळजीपूर्वक, आवाज न करता, आणि साहेबांचा कोट झटकून त्याच्या हातात दिला.

"तुम्हाला कडेवर घेऊन ही भट्टी दाखवलीय मी," मिस्त्री हळूच म्हणाला. "तुमचं वाईट चिंतीन का?"

"माहीत आहे, मिस्त्री," तो म्हणाला. त्याला खरेच माहीत होते. म्हणूनच कुठे पळायला जागा नव्हती.

घरी आईने त्याच्या हाताला आलेला फोड पाहिला आणि काही न विचारता कापूस आणला.

"मिस्त्री आजही येऊन गेला," ती फोडाकडे बघत म्हणाली. "तासभर गुलाबावर बोलले दोघं. मला काय कळत नाही? उभ्या जन्मात या माणसानं गुलाबाकडे ढुंकून बघितलं नव्हतं."

"बाबा काहीच म्हणाले नाहीत?"

"कसे म्हणतील? तुझा मान राखतायत."

"आणि मिस्त्री?"

"तो त्यांचा राखतोय."

"आणि तू?"

"मी चहा करते," आई म्हणाली. तिने कापूस थोडा जास्तच जोरात दाबला. "तिथं कोपऱ्याशी कोण उभं असतं रे?"

"पंख्यापाशी मिस्त्रीच असतो. दुसऱ्या कोणावर सोडत नाही तो."

आई उठली आणि कापसाची पुडी बांधू लागली. बांधलेली गाठ तिने पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली.

सकाळी थोरले खिडकीशी आरसा टांगून दाढी करत होते. अर्धा गाल झाला होता, अर्ध्यावर फेस होता. तो दाराशी येऊन उभा राहिला.

"बाबा, भट्टीबद्दल बोलायचंय."

थोरल्यांनी आरशातूनच त्याच्याकडे पाहिले. "ते माझ्यापाशी कशाला? तू बघतोयस ना."

"कोपरा लाल झालाय."

वस्तरा गालावरच थांबला. "बाहेरून?"

"बाहेरून."

"मिस्त्री म्हणाला, थोडा तापलाय."

"तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"काही नाही. अवाक्षर काढलं नाही मी." त्या बोलण्यात अभिमान होता, व्रत पाळलेल्या माणसाचा साधा, थकलेला अभिमान. "काढलं असतं तर तुझं काय राहिलं असतं तिथं?"

"तुम्ही बोलत नाही म्हणून ते थांबलेत, बाबा. त्यांना वाटतंय, तुम्हाला पटलेलं नाही."

थोरले आरशात पाहत राहिले. मुलाकडे की स्वतःकडे, ते कळत नव्हते. हनुवटीपाशी फेसात एक बारीक लाल रेघ उमटली आणि पसरू लागली.

"मी तर तुझ्यासाठी गप्प होतो," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मग आधी का नाही आलास?"

"तुमच्यासाठी."

बाहेर कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला. आई तिथे होती आणि ऐकत होती. आणि आपण ऐकतो आहोत हे त्यांना कळावे म्हणून तिने ती बादली आदळली होती.

"आता मी जाऊन सांगितलं तर ऐकतील," थोरले म्हणाले. "पण मग तुझं कधीच ऐकणार नाहीत. माझ्यामागंही नाही."

"चालेल मला."

"मला नाही चालणार." त्यांनी टॉवेलाने तोंड पुसले, फेस आणि रक्त एकदमच, आणि खुंटीवरचा सदरा घेतला. एक गाल गुळगुळीत होता, एकावर पांढरे खुंट. आईने चप्पल पुढे सरकवली. तिने दाढीचे नाव काढले नाही.

थोरले फाटकातून आत आले तेव्हा यंत्रे चालू असूनही कारखाना गप्प झाल्यासारखा वाटला. साच्यांवरची माणसे बाजूला झाली, कोणी टोपी काढली, कोणी हात पुसले. रेडिओ शेजाऱ्याच्या कानाशी लागला, "अर्धीच दाढी रे," आणि शेजाऱ्याने त्याला कोपराने गप्प केले. मिस्त्री पंख्यापासून पुढे आला. त्याचे डोळे भरून आले होते. शेवटी शब्द आला होता. आता काय तो निकाल लागेल.

थोरले कोपऱ्यापाशी गेले. त्यांनी विटेकडे पाहिले, फार नाही, ओळखीच्या माणसाचे शव पाहावे तेवढेच. मग ते मागे वळले आणि, सगळ्यांना वाटले होते तसे चौथऱ्यावर न चढता, कामगारांच्या रांगेत मिस्त्रीशेजारी जाऊन उभे राहिले. चौथऱ्यावर मुलगा एकटाच होता.

थोरल्यांनी मान वर केली.

"साहेब," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, पण भट्टीच्या घुमण्यातूनही सगळ्यांना ऐकू गेला. "काय करायचं ते सांगा."

बापाने आपल्याला अहोजाहो करावे, हे त्याच्या कानांनी आयुष्यात प्रथमच ऐकले. खाली ते वाकडे, अर्धे भादरलेले तोंड आज्ञेची वाट पाहत होते.

"काच काढा," तो म्हणाला.

"हो साहेब," थोरले म्हणाले, आणि भिंतीला टेकवलेली पहार त्यांनी उचलली.

मग सगळे एकदम हलले. पहार त्यांच्या हातातून कोणी काढून घेतली ते कळलेही नाही. चर भरला, गाड्या लागल्या. पाइप जागेवर होता, चाक कधीचेच बसलेले होते, पहारींना धार लावणारा माणूसही सापडला. निचऱ्याचे तोंड फुटले आणि काच आली. जाड, संथ, मधासारखी, आणि पाण्यात पडताच किंचाळून तिचा चुरा झाला. वाफेचे लोट छताला भिडले. माणसे ओरडून बोलत होती, खांद्याला खांदा लावत होती, जवळपास आनंदात होती. मिस्त्री पुन्हा पंख्यापाशी गेला. काच उतरेपर्यंत कोपऱ्यावर वारा लागणार होता.

वरून तो हे पाहत होता. माणसे त्याच्या शब्दावर चालत होती की तो शब्द ज्याने मागितला त्याच्या मागण्यावर, हा प्रश्न त्याने मनात दाबून धरला. आता तो विचारायची वेळ नव्हती. काच उतरत होती. अजून थोडी उतरली की पातळी विटेच्या खाली जाईल.

तेवढ्यात कोपरा उजळला.

लाल होता तो पिवळा झाला, आणि पिवळ्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका दिसला. तो वर उभा होता म्हणून त्याला दिसला.

"मिस्त्री, पंखा सोडा," तो ओरडला. "मागे व्हा. लगेच मागे."

मिस्त्रीने ऐकले. त्याचे खांदे ताठ झाले, एक पाय जमिनीवरून सुटला. आणि मग त्याने पाहिले. वर नाही, बाजूला, गाडीशी उभ्या असलेल्या थोरल्यांकडे. डोळ्याचे पाते लवते एवढेच ते पाहणे होते. थोरल्यांच्याही ते ध्यानात आले. त्यांनी तोंड उघडले, पण एवढे दिवस मिटून ठेवलेल्या त्या तोंडातून पहिला आवाज निघायला वेळ लागला.

वीट सुटली.

काच फार आली नाही. पातळी उतरली होती, म्हणून नुसता एक झोत आला, हाताएवढा, आणि लगेच मंदावला. पण तो मिस्त्रीच्या गुडघ्याखाली आला. ओरडणे ऐकू आले ते दुसऱ्यांचे होते. मिस्त्री स्वतः खाली बसला, जणू दिवसभराच्या कामानंतर टेकला आहे, आणि आपल्या पायाकडे आश्चर्याने पाहत राहिला.

भट्टी विझली. गुंता न होता, नियमाप्रमाणे, जशी विझवायला हवी होती तशी विझली. बाकी कोणाला ओरखडाही आला नाही.

इस्पितळाच्या खोलीत औषधाचा आणि उकळलेल्या कापडाचा वास होता. मिस्त्रीच्या गुडघ्याखाली चादर जिथे सपाट व्हायला नको तिथे सपाट झाली होती. तो स्टुलावर बसला. त्याला क्षमा मागायची होती, पण मिस्त्रीसमोर आज्ञा द्यायची किंवा हट्ट करायचा, एवढेच त्याला लहानपणापासून येत होते; क्षमा मागायचे वळण त्या जिभेला नव्हते.

"भट्टी नीट निवली का साहेब?" मिस्त्रीने विचारले.

"नीट निवली."

"विटांना तडे?"

"थोडेच."

"बरं झालं." मिस्त्री छताकडे पाहू लागला. मग म्हणाला, "तुमचं ऐकलं होतं हो मी. पाय उचलला होता. पण त्यांच्याकडे नजर गेली." त्याने ओठ ओले केले. "मुद्दाम नाही, साहेब. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सवय."

त्याने चादरीवरून मिस्त्रीचा हात हातात घेतला. याच हाताने त्याची बोटे एकेक करून पहारीवरून सोडवली होती. आता तो हात काहीच सोडवत नव्हता.

बाहेर बोळात एका बाकावर थोरले बसले होते. दाढी त्यांनी अजून पुरी केली नव्हती. आता दोन्ही गालांवर खुंट होते, एकीकडे लांब, एकीकडे आखूड. मुलगा दारातून बाहेर येताना दिसताच ते उठून उभे राहिले. भिंतीला हात टेकून, गुडघ्यांचा आवाज करत, पण उभे राहिले. वरिष्ठ आला की उठतात तसे.

"बसा ना, बाबा," तो म्हणाला.

"तुम्ही बसा आधी," थोरले म्हणाले.

त्याच्यात बसायची ताकद होती, पण बापाआधी बसायची नव्हती. बाक दोघांच्या मध्ये रिकामा राहिला. आत मिस्त्रीने नर्सला विचारलेले ऐकू आले, "ते दोघं गेले का?" नर्स म्हणाली, "नाही. उभेच आहेत."